लेकराचं क्रिकेट हेल्मेट: माप नंतर, आधी चेंडू बघा

पावसाळा सरला की आपल्याकडं सीझन बॉलचे, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूचे दिवस सुरू होतात. टेनिस बॉलवर गल्ली गाजवणारी पोरं अकॅडमीत नाव घालतात, सर किटची यादी हातात देतात आणि आईबाप दुकानात येऊन उभे राहतात. बॅट घेताना सगळी चौकशी होते. काश्मीर विलो की इंग्लिश विलो, ग्रेन किती, वजन किती, पिकअप कसा. हेल्मेटची पाळी आली की ते एकदा डोक्यात घालून बघायचं, आत गेलं की पैसे द्यायचे, काम संपलं. खरं तर पूर्ण किटमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी वस्तू हीच आहे. जालन्याचा विजय झोल, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, बीडचा सचिन धस ही नावं ऐकून मोठ्या क्रिकेटची स्वप्नं बघणारी लेकरं आज तालुक्याच्या गावातही आहेत. त्यांच्यासाठी हेल्मेट घेताना नेमकं काय बघायचं ते इथं सविस्तर लिहितो.

सुरुवात मापापासून करू नका, चेंडूपासून करा.

बहुतेकांना वाटतं, हेल्मेट म्हणजे डोक्यावरची टणक वाटी, ती फुटली नाही म्हणजे झालं. वाटी सहसा फुटत नाहीच. धोका असतो तो वरची टोपीसारखी कड आणि खालची जाळी यांच्यामधल्या फटीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या कसोटीत भारताच्या वरुण आरोनचा उसळता चेंडू याच फटीतून इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या तोंडावर गेला आणि त्याचं नाक मोडलं. त्याच्या महिनाभर आधी इंग्लंडमधल्याच कौंटी सामन्यात क्रेग कीस्वेटरचं नाक आणि डोळ्याची खोबण असंच मोडलं. नजर पूर्ववत झाली नाही आणि वयाच्या २७ व्या वर्षी त्यानं क्रिकेट सोडलं. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं.

फटीतून चेंडू जाणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: फट किती आणि चेंडू केवढा. इथंच वयाचा मुद्दा येतो. मोठ्या पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि २२.४ ते २२.९ सेंटिमीटर घेराचा असतो, म्हणजे व्यास साधारण ७.१ ते ७.३ सेंटिमीटर. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी क्रिकेटच्या कायद्यात जो लहान चेंडू दिलेला आहे तो १३३ ते १४४ ग्रॅमचा, घेर २०.५ ते २२ सेंटिमीटर. त्याचा व्यास ६.५ पर्यंत खाली येतो. हा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्तीचा फरक फार मोठा आहे. जी फट मोठा चेंडू अडवते, तिच्यातून लहान चेंडू सरळ आत येऊ शकतो. म्हणून थोरल्या भावाचं किंवा काकाचं हेल्मेट, पॅड लावून घट्ट केलेलं, लहान चेंडूवर खेळणाऱ्या लेकराला देणं हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी लक्षात येणारा धोका आहे. हेल्मेट डोक्यावर बसलेलं दिसतं, हलतही नाही, पण फट मोठ्या माणसाच्या चेंडूसाठी ठेवलेली असते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. फक्त लहान चेंडूसाठी तपासलेलं हेल्मेट घालून मुलगा १५६ ग्रॅमच्या चेंडूवर खेळायला लागला, तर तो चेंडू जास्त जड असतो आणि टाकणाराही बहुधा वयानं मोठा असतो. जाळीवर बसणारा मार वाढतो आणि जाळी वाकून गालाला किंवा नाकाला लागू शकते.

त्यामुळं दुकानात जाण्याआधी सरांना एकच विचारा, "सर, सरावाला कोणता बॉल वापरता आणि मॅचला कोणता?" चेंडूवर किंवा त्याच्या डब्यावर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो. काही ठिकाणी सरावाला लहान आणि स्पर्धेला मोठा चेंडू असतो. तसं असेल तर दोन्ही चेंडूंसाठी तपासलेलंच हेल्मेट हवं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे दोन्हींच्या मधला असतो. हेल्मेटची चाचणी मात्र मोठ्या पुरुषांच्या किंवा लहान मुलांच्या चेंडूवर होते. म्हणून मुलीसाठी घेताना दोन्ही चेंडूंची नोंद असलेलं लेबल शोधा.

कॉर्क बॉलचं वेगळंच आहे. गावाकडच्या स्पर्धांत तो स्वस्त म्हणून चालतो, पण त्याच्या आकाराचा आणि कडकपणाचा काही भरवसा नसतो. त्यावर खेळताना कुठल्याच लेबलाची खात्री देता येत नाही. लहान लेकरांना कॉर्क बॉलवर वेगवान गोलंदाजीसमोर उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेबलावर काय वाचायचं

क्रिकेट हेल्मेटसाठी जगभर मानलं जाणारं मानक ब्रिटिश आहे. त्याचा क्रमांक बीएस ७९२८:२०१३. हा आकडा पाठ करून ठेवा. शेवटचं २०१३ फार महत्त्वाचं आहे, कारण याच क्रमांकाचं १९९८ सालचं जुनं मानकही होतं आणि त्या काळातली हेल्मेटं अजून क्लबांच्या पेट्यांत पडलेली आहेत. २०१३ च्या मानकात हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रातून खराखुरा चेंडू हेल्मेटच्या तोंडाकडच्या बाजूला मारून बघतात. चेंडू फटीतून आत आला किंवा जाळी दबून चेहऱ्याला टेकली, तर हेल्मेट नापास. वरच्या वाटीला धक्का किती शोषता येतो ते वेगळं तपासलं जातं. काही नव्या लेबलांवर पुढं ए१:२०१९ असंही दिसतं. ती या मानकाची नंतरची दुरुस्ती, तिच्यात मानेच्या संरक्षकाचा विचार आहे.

खरं लेबल हेल्मेटच्या आत, अस्तराला किंवा वाटीला चिकटवलेलं किंवा शिवलेलं असतं. त्यावर मानकाचा क्रमांक सालासकट, कंपनीचं नाव, मॉडेल, डोक्याचं माप सेंटिमीटरमध्ये आणि कोणत्या चेंडूसाठी तपासलं ते लिहिलेलं असतं. चेंडूची नोंद नसेल तर विकणारा काहीही म्हणाला तरी ते हेल्मेट बाजूला ठेवा. बाहेरच्या खोक्यावर छापलेलं 'सेफ्टी टेस्टेड' किंवा 'इंटरनॅशनल क्वालिटी' याला काही अर्थ नाही. नुसतं 'सीई' (युरोपातली खूण) लिहिलेलं असेल तर तेवढ्यानं हे मानक पाळलंय असं सिद्ध होत नाही. दुकानात उभ्या उभ्याच मोबाईलवर कंपनीच्या संकेतस्थळावर ते मॉडेल काढा आणि तिथं हाच क्रमांक दिलाय का ते बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आयएसआयच्या शिक्क्यावरून गोंधळ होतो. आयएस ४१५१ हे मानक दुचाकीच्या हेल्मेटचं आहे. ते रस्त्यावर पडल्यावर डोकं वाचवण्यासाठी आहे, फटीतून येणाऱ्या चेंडूची चाचणी त्यात नाही. दुचाकीचं हेल्मेट घालून फलंदाजी करू नये आणि क्रिकेटचं हेल्मेट घालून गाडी चालवू नये, दोन्ही तितकंच चुकीचं. आता इतिहास बघितला तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रिकेटमध्ये आलेली पहिली हेल्मेटं मोटारसायकलच्या हेल्मेटासारखीच होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपनं १९७८ मध्ये ब्रिजटाउनला कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घातलं. पण तेव्हापासून आजपर्यंत या वस्तूचा आराखडा पूर्ण बदललाय.

आणखी एक. प्रमाणपत्र वाटीला वेगळं आणि जाळीला वेगळं मिळत नाही, दोन्ही मिळून एकत्र मिळतं. जाळी बदलली की लेबल उरतं, खात्री उरत नाही. गंजलेली जाळी काढून दुसऱ्या कंपनीची बसवणं, जुन्या हेल्मेटची जाळी नव्या वाटीला लावणं, हे प्रकार अकॅडमीत सर्रास चालतात. बदलायची वेळ आलीच तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणि त्याच मापाची जाळी मागवा.

माप आणि बसणं

शिवणकामाचा मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून आणि मागं डोक्याचा जो सगळ्यात बाहेर आलेला भाग असतो त्यावरून फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. केस दाट असतील तर ज्या अवस्थेत मूल खेळतं त्याच अवस्थेत मोजा, मुलीची वेणी असेल तर वेणी घालून. अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट पुढं झुकतं, तिथं वेणी खाली मानेवर घालावी लागते.

मग कंपनीचा तक्ता बघा. 'स्मॉल', 'मीडियम', 'ज्युनिअर' या शब्दांवर जाऊ नका. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जएवढं असू शकतं. वयावरूनही घेऊ नका. लेकराच्या डोक्याची बरीचशी वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांतच झालेली असते, त्यानंतर ते सावकाश वाढतं. दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलांच्या डोक्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज असतो. त्यामुळं "पोरगं वाढतंय, दोन वर्षं चाललं पाहिजे" म्हणून शाळेच्या गणवेशासारखं ढगळ घेण्यात काही फायदा नाही. डोकं अंगासारखं भराभर वाढत नाही आणि सैल हेल्मेट चेंडू लागताक्षणी फिरतं. फिरलं की फट नेमकी डोळ्यासमोर येते.

माप दोन आकारांच्या सीमेवर आलं तर दोन्ही घालून बघा. आपल्याकडं लहान गावात दुकानदाराकडं एक-दोनच नग असतात, बाकी माल मेरठ-जालंधरहून ऑर्डर देऊन येतो. अंबाजोगाई, उदगीर, सेलू अशा ठिकाणाहून घेत असाल तर आधी माप फोनवर सांगा आणि परत घेण्याची बोली करूनच मागवा. शक्य असेल तर संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला मुलाला सोबत घेऊन जा. मूल घरी ठेवून हेल्मेट आणणं हे डोळे न तपासता चष्मा आणण्याइतकंच निरर्थक आहे.

हेल्मेट घातल्यावर वरची कड भुवयांच्या अगदी वर, जेमतेम एक बोट जागा सोडून, जमिनीला समांतर दिसली पाहिजे. मागं कलंडलेलं हेल्मेट बघायला बरं वाटतं, मुलांनाही आवडतं, पण त्यानं कपाळ उघडं पडतं आणि फटीचा कोन बदलतो. आता हनुवटीचा पट्टा न लावता मुलाला डोकं डावीउजवीकडं हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यासोबत फिरलं पाहिजे. मग दोन्ही हातांनी हेल्मेट हलकंच फिरवा. कपाळाची कातडी त्याच्यासोबत सरकली तर बरोबर, कातडी जागेवर राहून हेल्मेटच सरकलं तर सैल. त्यानंतर पट्टा लावा. पट्टा आणि हनुवटीमध्ये एक बोट जावं, दोन नाही. पट्ट्याची वाटी हनुवटीवरच बसली पाहिजे, गळ्यावर नाही. मुलाला तोंड मोठं उघडायला सांगा, हेल्मेट किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे.

जाळी नाकापासून निदान दोन बोटं लांब असावी आणि खालची कडी हनुवटीच्या खालपर्यंत यावी. आता दुकानातूनच एक नवा चेंडू मागा, ज्या ग्रॅमचा मूल खेळतं तोच, आणि फटीवर ठेवून अंगठ्यानं दाबा. आत गेला तर ते हेल्मेट लगेच परत द्या. आत गेला नाही म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही, कारण मैदानावरचा वेग हाताच्या दाबात येत नाही. नापास करायला ही चाचणी पुरते, पास करायला लेबलच लागतं.

शेवटी मुलाला स्टान्स घ्यायला लावा. बॅट हातात देऊन, खांद्यावरून गोलंदाजाकडं बघायला सांगा. जाळीची पट्टी नेमकी नजरेच्या ओळीत येत असेल तर ते मूल पहिल्याच आठवड्यात जाळी खाली सरकवायला बघेल. दहा मिनिटं डोक्यावर राहू द्या. काढल्यावर कपाळावर एकसारखी फिकट खूण दिसावी. एकाच जागी लाल वळ उठला असेल तर आकार जुळत नाही. कुणाचं डोकं लांबट असतं, कुणाचं गोल. अशा वेळी माप न वाढवता कंपनी बदला.

मागच्या फिरवायच्या बटणाबद्दल एवढंच की ते शेवटचा अर्धा-एक सेंटिमीटर जुळवण्यासाठी आहे. मोठं हेल्मेट लहान करण्यासाठी नाही.

जाळी, वाटी आणि वजन

जाळी पोलादाची किंवा टायटॅनियमची. टायटॅनियम हलकं, गंजत नाही, पण किंमत खूप वाढते. वाढत्या वयातल्या मानेला हलकं हेल्मेट चांगलंच, तरी पैसे मोजकेच असतील तर प्रमाणित पोलादी जाळी घ्या. अप्रमाणित हेल्मेटातली भारी जाळी घेऊन उपयोग नाही. वाटी एबीएस प्लास्टिकची असो की फायबरची, मानक पास असेल तर शाळकरी क्रिकेटला दोन्ही चालतात. कापडाचं वेष्टन, चकाकी, रंग, यावर पैसे घालवू नका.

मानेचा संरक्षक मात्र घ्याच. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर, हेल्मेट संपतं त्याच्या खाली, डाव्या बाजूला चेंडू लागला. मानेतली रक्तवाहिनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. ऑस्ट्रेलियानं २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशातल्या सामन्यांत वेगवान गोलंदाजी खेळताना हा संरक्षक सक्तीचा केला. तो हेल्मेटच्या मागच्या कडेला अडकतो आणि त्या त्या मॉडेलसाठी वेगळा बनतो. दुसऱ्याच कंपनीचा दोऱ्यानं बांधून चालत नाही. सुरुवातीला मान वळवताना टोचतो म्हणून मुलं काढून टाकतात. आधी नेटमध्ये, फिरकी खेळताना घालायची सवय लावा.

आपल्या मैदानांवर याची गरज जास्तच आहे. काळ्या चिकणमातीची विकेट ऊन लागलं की तडकते आणि भेगेच्या कडेला पडलेला चेंडू कुठंही उसळतो. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर चेंडू घसरत, अपेक्षेपेक्षा लवकर येतो, मॅटला सुरकुती असेल तर तोंडाकडं उडतो. स्वीप मारताना वरच्या कडेला लागून आलेला चेंडू तर फिरकीवरही चेहऱ्यावर बसतो. म्हणून "स्पिनर आहे, हेल्मेट काढ" हे सरावातसुद्धा चालवून घेऊ नका.

यष्टिरक्षकाला स्टंपांजवळ उभं राहताना आणि शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या पोरालाही हेल्मेट लागतंच. १९९८ मध्ये ढाक्यात भारताचा माजी खेळाडू रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता, डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०२३ च्या जूनपासून वेगवान गोलंदाजी खेळणारे फलंदाज, स्टंपांजवळचा यष्टिरक्षक आणि फलंदाजासमोर जवळ उभे क्षेत्ररक्षक यांना हेल्मेट सक्तीचं आहे. हाच नियम आपल्या अकॅडमीलाही लावा.

घरी आल्यावर

बिघाड बहुतेक वेळा स्क्रूपासून सुरू होतो. कानाजवळचे स्क्रू रोजच्या धक्क्यानं सैल होतात, जाळी दोन-तीन मिलिमीटर खाली उतरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दर रविवारी हातानं जाळी हलवून बघा. हरवलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला जाड स्क्रू पिळला की वाटीला भोकापासून बारीक तडा जातो. कंपनीचाच मागवा, वॉशरसकट. आणि दिसत नाही म्हणून जाळी वाकवणं किंवा मधली पट्टी कापणं, हे कुणी करताना दिसलं तर तिथंच थांबवा.

उन्हाळी शिबिरात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. अशा उन्हात हेल्मेट गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आतला फोम आणि त्याचा डिंक दोन्ही खराब होतात. घामानं जाळीला वेल्डच्या जागी गंज धरतो, तो तिथंच आधी शोधा. खेळ झाल्यावर ओलं हेल्मेट किटबॅगमध्ये कोंबू नका, सावलीत उलटं ठेवून वाळू द्या. अस्तर निघत असेल तर साध्या साबणानं धुवा आणि शेवटचं पाणी फिल्टरचं वापरा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळून अस्तर खरखरीत होतं. थिनर, पेट्रोल, स्प्रे पेंट वाटीला लावू नका, एबीएस त्यानं कमकुवत होतं. हेल्मेटच्या आत जाड टोपी घालू नका. घामासाठी पातळ सुती कापड चालेल, पण मग फिटिंग तेच कापड घालून तपासा.

अकॅडमीत पाच पोरांत एक हेल्मेट असं चालत असेल तर पालकांनी एकत्र येऊन निदान तीन वेगवेगळ्या मापांची घ्यावीत आणि प्रत्येकाचं माप वहीत लिहून ठेवावं. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. त्याला आधी काय लागलंय ते बाहेरून कळत नाही.

डोक्याला चेंडू लागला तर आधी मुलाकडं बघा, हेल्मेटकडं नंतर. त्या दिवशी पुन्हा खेळायला उतरवू नका, तो कितीही म्हणाला तरी. मोठ्या क्रिकेटमध्येसुद्धा २०१९ पासून यासाठी बदली खेळाडू मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, एकाला दोन दिसणं, तेच तेच विचारणं, झोपाळूपणा, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडं न्या. उलटी, शुद्ध हरपणं, झटका किंवा हातापायाला मुंग्या असतील तर वेळ न घालवता सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. मान दुखतेय म्हणाला तर त्याला उठवून बसवू नका, मान स्थिर धरून रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. पहिला दिवसभर आणि रात्रभर घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ असू द्या.

त्यानंतर हेल्मेट. जोरदार मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा चेपला की पुढचा धक्का पहिल्यासारखा शोषत नाही. किरकोळ मार असेल तर अस्तर उचलून फोमला खड्डा किंवा चीर आहे का, वाटीवर केसासारखा तडा आहे का, जाळी दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का ते बघा. यातलं एक जरी असलं तर ते गेलं. मार न लागताही दोन-तीन हंगाम रोज वापरलेलं हेल्मेट नीट तपासून बदलण्याच्या तयारीत राहा. टाकून देताना हनुवटीचा पट्टा कात्रीनं कापा आणि जाळी काढून वेगळी टाका, नाहीतर ते कुठल्यातरी क्लबच्या पेटीत जाऊन दुसऱ्या लेकराच्या डोक्यावर चढतं.